ग्रीक नाणं वाजवून बघू नका

नाशिकला सराफ बाजारात आमची पेढी होती. जुना चांदीचा रुपया मोडीला आला की अण्णा तो गल्ल्याशेजारच्या दगडावर टाकायचे. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर बाजूला. शाळेतून आल्यावर मी तिथेच बसून अभ्यास करायचे, त्यामुळे तो आवाज कानात पक्का बसला आहे.

२००९ साली लंडनच्या एका नाणेमेळ्यात पहिलं ग्रीक नाणं हातात घेतलं आणि ते टेबलावर टाकून बघायला हात आपोआप वर गेला. पलीकडच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने माझं मनगटच धरलं. म्हणाला, "बाई, ही तेवीसशे वर्षांची चांदी आहे. पडली तर दोन तुकडे होतील." ते खरंच आहे. इतकी वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून बदलते. तिचे कण एकमेकांपासून सुटत जातात आणि ती काचेसारखी ठिसूळ होते. अस्सल नाणंही मग बद्द वाजतं. म्हणजे अण्णांची परीक्षा इथे दोनदा चुकते: खऱ्याला खोटं ठरवते आणि वर नाणंही फोडते.

गेली पंधराएक वर्षं मी प्राचीन ग्रीक नाणी जमवते आहे. राहते लंडनजवळ स्लाव इथे, नोकरी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत. संग्रह मोठा नाही, एकेचाळीस नाणी. पण प्रत्येक नाणं खरं का आहे आणि माझ्याकडे कुठून आलं, हे मी कागद काढून दाखवू शकते. ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी सहा महिने काही घेऊ नका

हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण माझा आग्रह आहे. फोटो पाहून डोळा तयार होत नाही. नाणं हातात घ्यावं लागतं, त्याच्या कडा अंगठ्याला लागाव्या लागतात. मेळ्यात जा, व्यापाऱ्याला विचारा आणि ट्रेवर हात धरून नाणी पाहा. विकत घेणार नाही हे आधीच सांगितलं, तरी चांगले व्यापारी हरकत घेत नाहीत. ब्रिटिश म्युझियम किंवा ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन अशा मोठ्या संग्रहालयांत आगाऊ परवानगी मागून खरी नाणी जवळून बघता येतात. नाणं नेहमी कडेने धरायचं, अंगठा आणि तर्जनीत, खाली मऊ कापड पसरून. हातमोजे मला पटत नाहीत. त्यातून निसटतं.

बघताना ते कसं पाडलंय याचा विचार करत राहा. मराठीत आपण "नाणी पाडणे" म्हणतो, तेच डोळ्यांसमोर आणा. चांदीची तापवलेली चकती ऐरणीत बसवलेल्या ठशावर ठेवायची, वरून टोकाला दुसरा ठसा कोरलेला जाड दांडा धरायचा आणि हातोडा हाणायचा. खालच्या ठशाचा छापा, वरच्या ठशाचा काटा. घाव जरा तिरका बसला की चित्र एका बाजूला सरकायचं. चकतीच्या कडेला चिरा पडायच्या. धातू दाबाखाली बाहेरच्या दिशेला पळायचा आणि त्याच्या बारीक रेषा कडेपर्यंत उमटायच्या. त्या रेषा, त्या चिरा, ते सरकलेलं चित्र हे दोष नव्हेत. ते हातोड्याचे साक्षीदार आहेत, आणि पुढे खऱ्याखोट्याचा निकाल लावताना तेच कामाला येतात.

वजनकाटा, भिंग आणि पाण्याचा पेला

खर्च फार नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि मिलिमीटरची फूटपट्टी. वजन इथे फार बोलतं, कारण ग्रीकांचं नाणं म्हणजे मुळात मोजून दिलेली चांदी. अथेन्सच्या मापात ड्राक्मा सुमारे ४.३ ग्रॅम, त्याचा सहावा भाग म्हणजे ओबोल ०.७२ ग्रॅम, आणि चार ड्राक्म्यांचा टेट्राड्राक्मा १७.२ ग्रॅम. घरच्या मापात सांगायचं तर टेट्राड्राक्मा दीड तोळ्याला किंचित कमी आणि ड्राक्मा साडेचार माशांच्या आतबाहेर. एजिना बेटाचं माप वेगळं, तिथलं कासवाच्या चित्राचं स्टेटर नावाचं नाणं १२.२ ग्रॅमचं. कॉरिंथचा पंखवाल्या घोड्याचा स्टेटर साधारण साडेआठ ग्रॅम. हे चार-पाच आकडे पाठ करा. झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल, पण अथेन्सच्या मापाचा टेट्राड्राक्मा चौदा ग्रॅम भरला तर काहीतरी बिनसलंय.

"ड्राक्मा" हा शब्द आपल्याला परका नाही. तोच संस्कृतात "द्रम्म" झाला आणि पुढे "दाम". "दाम करी काम" म्हणताना आपण एका ग्रीक नाण्याचंच नाव घेत असतो.

वजनानंतर पाण्याची परीक्षा. प्रयोगशाळेत असल्यामुळे मला तिची सवय आहे, पण ती घरीही जमते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाणं बारीक दोऱ्याच्या फासात अडकवून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. माझ्या एका टेट्राड्राक्म्याचं कोरडं वजन १७.१४ आणि पाण्यात १.६५, म्हणजे भागाकार १०.३९. शुद्ध चांदी १०.५ असते, तांबं ८.९ च्या आसपास. साडेनऊच्या खाली आकडा आला तर आत तांबं असण्याची शक्यता मोठी. बुडबुडे चिकटले तर आकडा फसवतो, म्हणून तीनदा करून बघायचं. अगदी छोट्या नाण्यांना ही परीक्षा लावू नका. चूक नाण्याएवढीच मोठी होते.

पहिलं नाणं कोणतं

माझं उत्तर ठरलेलं आहे: अलेक्झांडरच्या नावाचा चांदीचा ड्राक्मा. नखाएवढा, सतरा-अठरा मिलिमीटरचा. छाप्यावर सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला हेराक्लीस, काट्यावर सिंहासनावर बसलेला झ्यूस, एका हातावर गरुड, दुसऱ्यात राजदंड. हे नाणं मॅसिडोनियापासून बॅबिलोनपर्यंत अनेक टांकसाळींत पडलं आणि इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर गेल्यावरही त्याच्याच नावाने कित्येक दशकं पडत राहिलं. त्यामुळे पुष्कळ मिळतं, अभ्यास भरपूर झालाय आणि किंमत आवाक्यात आहे. माझा पहिला ड्राक्मा ११० पौंडांना आला. झ्यूसचं नाक झिजलेलं होतं, पण अक्षरं पूर्ण होती.

या नाण्यात शिकायला किती आहे बघा. झ्यूसच्या समोरच्या मोकळ्या जागेत आणि सिंहासनाखाली बारीक खुणा असतात: कुठे मशाल, कुठे वीणा, कुठे दोन-तीन अक्षरं एकात गुंफलेली. त्या टांकसाळीच्या आणि अधिकाऱ्यांच्या खुणा. मार्टिन प्राइस या ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासकाने १९९१ मध्ये या सगळ्यांची सूची करून प्रत्येक प्रकाराला क्रमांक दिला. आज व्यापारी जो "प्राइस क्रमांक" लिहितात तो हाच. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या "पेला" या मोफत संकेतस्थळावर तो घालून तशीच नाणी बघता येतात. माझ्या ड्राक्म्याच्या चिठ्ठीवर टांकसाळ लॅम्पसाकोस लिहिली होती. दोन संध्याकाळी खुणा जुळवत बसले, तेव्हा ते सार्डिसचं निघालं. झ्यूसचे पायही बघा. दोन्ही पाय सरळ शेजारी असतील तर नाणं सहसा आधीचं, एक पाय दुसऱ्यामागे दुमडलेला असेल तर सहसा नंतरचं. नियम अगदी काटेकोर नाही, पण विक्रेता "अलेक्झांडरच्या हयातीतलं" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर पायांकडे नजर जायलाच हवी.

बजेट त्याहून कमी असेल तर ब्रॉन्झ घ्या. अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप याचं अपोलो आणि घोडेस्वाराचं नाणं, सिसिलीतल्या सिराक्यूजचा राजा दुसरा हिएरॉन याचं पोसायडन आणि त्रिशूळाचं नाणं. तीस-चाळीस पौंडांत बऱ्या अवस्थेतलं मिळतं. ब्रॉन्झला कुणी विचारत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. बाजारात भाजी घेणाऱ्या माणसाच्या हातात चार ड्राक्म्यांची चांदी नव्हती, हीच नाणी होती.

अथेन्सचं घुबडाचं नाणं सगळ्यांनाच हवं असतं. मलाही हवं होतं. त्याची गोष्ट पुढे सांगते. सिराक्यूजची मोठी, दहा ड्राक्म्यांची डेकाड्राक्मा, ज्यांच्या ठशांवर किमोन आणि एव्हायनेटोस या कारागिरांनी आपली नावं कोरली, ती संग्रहालयात जाऊन डोळे भरून बघावीत.

अक्षरं वाचायला शिका

चोवीस अक्षरं आहेत, आठवड्यात येतात. मराठी माणसाला तर इथे एक सोय आहे. ग्रीक नाण्यावरचा मजकूर बहुतेक वेळा षष्ठीत असतो. अलेक्झांडर नव्हे, तर "अलेक्झांड्रू", म्हणजे अलेक्झांडरचं. "सिराकोसिऑन", म्हणजे सिराक्यूजकरांचं. नाणं कुणाचं एवढंच ते सांगतं, आणि "नाणं" हा शब्द गाळून फक्त "चं" ठेवतं.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते नाशिकमुळे. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. आमच्या शाळेने आम्हाला त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणेसंशोधन केंद्रात नेलं होतं, तिथे मी नहपानाचं नाणं पहिल्यांदा पाहिलं. राजाच्या डोक्याभोवती जी अक्षरं होती ती ग्रीक, पण भाषा प्राकृत: "रञ्ञो क्षहरातस नहपानस". हीसुद्धा षष्ठीच. तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते वीस-पंचवीस वर्षांनी स्लावच्या स्वयंपाकघरात, ग्रीक अक्षरं गिरवत असताना.

या दोन टोकांमधला दुवा म्हणजे इंडो-ग्रीक राजे, अफगाणिस्तान आणि वायव्य भारतात राज्य केलेले ग्रीक. मिनँडरच्या, म्हणजे मिलिंदाच्या, ड्राक्म्यावर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत "महरजस त्रतरस मेनन्द्रस". अगाथोक्लीसची तर १९७० साली अफगाणिस्तानात आय-खानूमला सहा नाणी सापडली, ज्यांवर एका बाजूला बलराम आहे आणि दुसऱ्या बाजूला वासुदेव-कृष्ण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी लिहून ठेवतो की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडरचे जुने ड्राक्मा अजून चालतात. मिनँडरचा ड्राक्मा स्वस्त मिळतो आणि मराठी वाचकाला तो सगळ्यात जवळचा वाटेल. पण अफगाणिस्तानात युद्धाच्या काळात झालेली लूट मोठी आहे. जुना कागद नसलेलं इंडो-ग्रीक नाणं मी घेत नाही.

खरं-खोटं

इथे सावकाश वाचा.

ओतीव खोटं नाणं ओळखायला सगळ्यात सोपं. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात धातू ओतलेला असतो. भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक गोल खड्डे दिसतात, ते हवेचे बुडबुडे. बारकावे साबणाच्या वडीसारखे बुळबुळीत होतात. कडेला साच्याची शिवण असते किंवा ती घासून काढल्याच्या समांतर रेषा. सराफाच्या घरात वाढलेल्यांना ओतीव आणि ठोकलेला दागिना लांबूनही कळतो. हे तसंच आहे.

ठसा कोरून पाडलेलं खोटं नाणं कठीण. जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर, १७७२ ते १८३०, हा यातला सगळ्यात कुशल. तो ठसे हाताने कोरायचा, पाडायचाही हातोड्याने. मग नवी नाणी लोखंडाचा कीस आणि चरबी भरलेल्या डब्यात घालून घोडागाडीच्या आसाला बांधायचा आणि फिरायला न्यायचा, म्हणजे ती हवी तशी झिजायची. याला तो "म्हाताऱ्यांना फिरवून आणतो" म्हणायचा. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत, त्यामुळे त्याची नाणी ओळखता येतात.

आजचा धोका तिसऱ्या जातीचा आहे. खऱ्या नाण्यावरूनच ठसा बनवायचा आणि त्याने चांदीच्या चकत्या दाबायच्या. धातू खरा, वजन बरोबर, चित्र तर अस्सल नाण्याचंच. मी यातच फसले. पॅरियन या मार्मारा समुद्राकाठच्या गावाचं छोटं नाणं, एका बाजूला मागे वळून बघणारा बैल, दुसऱ्या बाजूला जीभ बाहेर काढलेली गॉर्गन, म्हणजे सापांच्या केसांची राक्षसी. ऑनलाइन घेतलं, ६५ पौंडांना. वजन २.३९, अगदी बरोबर. तीन महिने मी ते रोज काढून बघत होते. मग जुन्या लिलावांचे फोटो चाळताना तसंच एक दिसलं, नंतर आणखी एक. तिन्ही नाण्यांत गॉर्गनच्या डाव्या गालावर तिरका ओरखडा होता, त्याच जागी, त्याच लांबीचा.

ओरखडा ही एका नाण्याच्या आयुष्यात घडलेली गोष्ट आहे. दुसऱ्या नाण्यावर ती त्याच जागी कशी घडेल? इथे एक बारकावा नीट लक्षात ठेवा. खऱ्या ठशाला तडा गेला की त्या भेगेत धातू शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेष उमटते. अशी उंच रेष एकाच ठशाच्या अनेक खऱ्या नाण्यांवर दिसू शकते, त्यात काही वावगं नाही. पण खोल गेलेला ओरखडा, चकतीच्या कडेचा तुटका आकार किंवा एकाच जागची झीज दोन नाण्यांवर दिसली, तर दोघांची आई एकच आहे. विक्रेत्याने पैसे परत केले, पण उत्तर यायला सात आठवडे आणि नऊ पत्रं लागली. ते नाणं मी "खोटं" अशी चिठ्ठी लावून वेगळं ठेवलंय. नव्या माणसाला शिकवताना ते सगळ्यात उपयोगी पडतं.

म्हणून घेण्याआधी प्रत्येक वेळी एसीसर्चसारख्या जुन्या लिलावांच्या संग्रहात तासभर घालवा. पॅरियन, काळ्या समुद्राकाठची इस्ट्रोस, मेसेम्ब्रिया आणि अपोलोनिया पोंटिका या गावांची छोटी चांदीची नाणी तर फारच सावधपणे घ्या. त्यांच्या खोट्या प्रती बाजारात ढिगाने आहेत.

आणि एक खोटं नाणं असं, जे स्वतःच प्राचीन आहे. तांब्याचा गाभा आणि वर चांदीचा पत्रा. ग्रीकांनाही हा त्रास होता. त्यावरचा इलाज मला इतका आवडतो की तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७० साली अथेन्सच्या जुन्या बाजारचौकाच्या उत्खननात एक शिलालेख मिळाला. निकोफोन नावाच्या माणसाने मांडलेला हा कायदा इ.स.पू. ३७५-७४ चा. सरकारी पारखी, जो सरकारचा गुलाम असे, त्याने बाजारात सराफांच्या मेजांमध्ये बसायचं आणि येणारी चांदी तपासायची. आत तांबं किंवा शिसं निघालं तर नाणं तिथल्या तिथे कापायचं आणि देवमातेला वाहायचं. पारख्याने मान्य केलेलं नाणं दुकानदाराने नाकारलं तर त्याचा माल जप्त. आणि पारखी कामावर बसला नाही तर त्याला पन्नास फटके.

नाण्यावर छिन्नीचा घाव घालून आत बघण्याची रीत अथेन्सबाहेरही सर्रास होती, विशेषतः इजिप्त आणि पूर्वेकडे, जिथे अथेन्सची चांदी वजनावर घेतली जायची. त्यामुळे बरीच घुबडं घाव घेऊन आपल्यापर्यंत आली आहेत. घाव असलेलं घुबड बिनघावाच्या निम्म्या किमतीत मिळतं. मी तेच घेतलं, २०१४ साली, ३४० पौंडांना. छाप्यावर शिरस्त्राण घातलेली अथीना, चेहरा बाजूने पण डोळा समोरून बघणारा. काट्यावर घुबड, मागे ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, पुढे आल्फा, थीटा, एप्सिलॉन. घुबडाच्या पाठीतून तिरका, नखभर लांब घाव गेलाय. भिंगाखाली बघितलं तर आतपर्यंत करडी चांदी, तांब्याचा लाल ठिपका कुठेच नाही. अण्णांना फोटो पाठवला. त्यांना ग्रीसबद्दल काहीही माहीत नव्हतं. फोनवर म्हणाले, "हे आपल्यातल्याच कुणीतरी केलंय."

घाव आहे म्हणून नाणं खरंच असं मात्र धरू नका. हल्ली खोट्यांवरही घाव घालतात. खऱ्या घावाच्या आतला रंग बाहेरच्या पृष्ठभागासारखाच जुना असतो. आत चकचकीत पांढरं दिसलं तर घाव काल-परवाचा.

कागद आणि कायदा

तुर्कस्तानात आणि ग्रीसमध्ये अवशेषांजवळ कुणी मुलगा मुठीतून नाणी काढून "आत्ताच शेतात सापडली" म्हणेल. घेऊ नका. बहुतेक वेळा ती खोटी असतात, आणि खरी निघाली तर त्याहून वाईट. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणं तिथे गंभीर गुन्हा आहे. मुद्दा पोलिसांपुरता नाही. साठा जमिनीत जसा होता तसा अभ्यासकाच्या हाती लागला तर तो कोणत्या वर्षी पुरला, सोबत कोणत्या गावांची नाणी होती, सगळं कळतं. जोगलटेंभीच्या साठ्यातून नहपान आणि गौतमीपुत्राचा काळ जुळवता आला तो असाच. चोरून खणलेला साठा चार दिवसांत चार देशांत पांगतो आणि ती गोष्ट कायमची जाते.

म्हणून व्यापाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा: हे आधी कुणाकडे होतं? जुन्या लिलावाची छापील सूची, जुन्या संग्रहाची चिठ्ठी, निदान काही दशकांची पावती. असं नाणं थोडं महाग पडतं, ते द्यावं. युरोपीय संघाचे आयातीचे नियम २०२५ पासून आणखी कडक झाले आहेत, तेव्हा कागदाची किंमत वाढतच जाणार. लिलावात बोली लावताना पुकारलेल्या किमतीवर लिलावगृहाचे वीस-पंचवीस टक्के, त्यावर कर आणि टपाल धरा. शंभरची बोली घरी येईपर्यंत सहज एकशे तीसवर जाते.

भारतात राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. आणि जमिनीत सापडलेला साठा १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. याच कारणाने माझी नाणी मी नाशिकला नेत नाही. फोटो नेते.

घासू नका

आमच्या घरी चांदीची भांडी रिठ्याने घासत, काळी पडली तर चिंच किंवा रांगोळी. माझ्या तिसऱ्या ड्राक्म्यावर सुंदर निळसर काळी झाक होती आणि मी ती खाण्याच्या सोड्याने काढली. अर्ध्या मिनिटात नाणं नव्या चमच्यासारखं पांढरं झालं. आज बारा वर्षांनीही ते उदास दिसतं. चांदीला डिस्टिल्ड पाण्यात भिजवून ठेवणं आणि मऊ कापडाने टिपणं, याच्या पुढे जाऊ नका.

ब्रॉन्झला कळंक दोन तऱ्हेचा चढतो. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर हे नाण्याचं संरक्षण आहे, त्याला हात लावायचा नाही. फिकट हिरवी भुकटी, जी काडी लावली की सुटते, तो रोग. क्षार आणि दमटपणा मिळून नाणं आतून खातात. असं नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करायचं, लाकडी काडीने भुकटी काढायची, डिस्टिल्ड पाण्यात ठेवून पाणी रोज बदलायचं, काही आठवडे. मग पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात. मुंबई-कोकणच्या हवेत ब्रॉन्झ ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात दर पंधरवड्याला डबा उघडून पाहावा आणि पुड्या बदलाव्यात.

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत काही ठेवू नका, काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. ओकच्या लाकडाचा ड्रॉवरही नको, त्यातून आम्ल सुटतं. महोगनीचे ट्रे उत्तम. मायलार या पारदर्शक प्लॅस्टिकची पाकिटं स्वस्त आणि चांगली.

प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी हवी. माझ्या चिठ्ठ्या आम्लविरहित कागदावर पेन्सिलने, एका बाजूला मराठी आणि मागे इंग्रजी, कारण हे ट्रे पुढे माझ्या मुलीकडे जाणार आहेत आणि तिला घाईत मराठी वाचायला वेळ लागतो. पावत्यांचा क्रमांक चिठ्ठीवर असलाच पाहिजे. संग्राहक गेल्यावर कागद एका कपाटात आणि नाणी दुसऱ्या कपाटात, असं झालेले तीन संग्रह मी विक्रीला आलेले पाहिले आहेत. त्यांतल्या नाण्यांचा सगळा इतिहास तिथेच संपला होता.

घुबडाची चिठ्ठी अशी आहे, हवी तर नमुना म्हणून घ्या:

अथेन्स, चार ड्राक्मा, सुमारे इ.स.पू. ४५४ ते ४०४. चांदी, १७.०८ ग्रॅम, २४ मि.मी. छापा: अथीना, उजवीकडे. काटा: घुबड, डहाळी, चंद्रकोर, तीन अक्षरं. पाठीवर प्राचीन घाव, आत चांदी, भिंगाने तपासली. पाण्याच्या परीक्षेत १०.३६. मार्च २०१४, ३४० पौंड. जुन्या संग्रहाची चिठ्ठी आणि पावती फाइल दोन, पान अकरा.